गांधार कुठे गेला? व्हायोलिनच्या सोलो मैफलीसाठी संकल्पना कशी रचावी

काही वर्षांपूर्वी मी कानडा या रागकुळातल्या प्रकारांवर एक मैफल बांधली होती. दरबारी, नायकी, शहाणा, अडाणा, शेवटी काफी कानडा. कागदावर ती फार भारदस्त दिसत होती. तालमीत मला स्वतःला रोज नवं काहीतरी सापडत होतं. कार्यक्रमात मात्र शहाणा सुरू झाला आणि समोरच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की आता माणसं सभ्यपणाने बसली आहेत, ऐकत नाहीत. कार्यक्रम संपल्यावर एक ज्येष्ठ श्रोते म्हणाले, "छान झालं, पण सगळं एकाच रागाचं वाटलं." ते बरोबर बोलत होते. कोमल गांधाराचं, म्हणजे उतरलेल्या 'ग'चं, तेच आंदोलन (झुलणं), तीच गंभीर चाल, तोच तीनताल. मला बारकाव्यांतला फरक दिसत होता, कारण त्यात माझे सहा महिने गेले होते. त्यांच्याकडे दोन तास होते.

तेव्हापासून मी संकल्पना निवडताना एकच कसोटी लावते: जो श्रोता रागांची नावंही जाणत नाही, त्याच्या कानाला हा धागा सापडेल का? सापडणार असेल तर पुढे जायचं. 'स्वरगंध', 'रंग पावसाचे', 'भावतरंग' ही नावं आहेत, संकल्पना नव्हेत. त्यांच्याखाली कोणतेही पाच राग बसतात, म्हणूनच ती काही सांगत नाहीत.

हा लेख हिंदुस्थानी पद्धतीने सोलो व्हायोलिन वाजवणाऱ्यांसाठी आणि वाद्यवर्ग चालवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. उदाहरण म्हणून मी पावसाळ्यातली एक मैफल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधून दाखवते, कारण तत्त्वं सुटी सांगितली की ती पटतात आणि विसरतात.

पहिलं काम: कानाला ऐकू येणारा प्रश्न

पावसाळा म्हटलं की मल्हार आलेच. मेघ, मियाँ मल्हार, गौड मल्हार, सूरमल्हार, रामदासी, जयंत मल्हार, शिवाय देस. यांतले चार घेऊन एकामागून एक वाजवले तर माझ्या कानड्याच्या मैफलीचीच गत होईल. म्हणून या यादीकडे बघत बसायचं आणि त्यात एखादी गोष्ट बदलत जाताना दिसते का ते शोधायचं.

मला दिसला तो गांधार. प्रचलित रूपात मेघात गांधार नाहीच: सा, रे, म, प आणि कोमल नी एवढ्यावर तो उभा आहे. गौड मल्हारात शुद्ध गांधार आहे आणि तो 'रे ग रे म ग रे सा' या वळणात अगदी उघड्यावर येतो. मियाँ मल्हारात कोमल गांधार आहे, तोही मध्यमाच्या आधाराने झुलणारा. आणि कजरी हा पावसाळी गीतप्रकार ज्यात वाजवतात त्या मिश्र पिलूत दोन्ही गांधार नांदतात. नाही, शुद्ध, कोमल, दोन्ही. चार टप्पे, आणि हा प्रवास एका वाक्यात कोणालाही सांगता येतो: आज आपण एका सुराच्या मागे जाणार आहोत. मैफलीचं नावही मिळालं: 'गांधार कुठे गेला?'

ही संकल्पना व्हायोलिनला विशेष मानवते. या वाद्याला पडदे नाहीत. मियाँ मल्हाराचा गांधार एका बोटावर, एका गजात, मध्यमाकडून खाली येत झुलवता येतो, तो कुठे संपतो आणि रिषभ कुठे सुरू होतो हे कळूही न देता. संकल्पना तपासताना हाही प्रश्न विचारावा: हे व्हायोलिनवरच का ऐकायचं? उत्तर मिळालं नाही तर ती कल्पना गायकाला किंवा सतारियाला भेट द्यावी.

असे प्रश्न इतरही आहेत. नाट्यसंगीत आवडणाऱ्या गावासाठी मी 'ख्याल ते रंगभूमी' अशी मैफल करते. 1916 साली रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, आणि ते स्वतः मोठे ख्यालगायक होते. म्हणून यमनचा ख्याल अर्धा तास वाजवायचा आणि लगेच त्याच यमनमधलं 'नाथ हा माझा' सहा मिनिटांत. मग बिहाग, आणि त्यानंतर 'मम आत्मा गमला हा'. अर्ध्या तासाचा राग सहा मिनिटांत मावताना काय ठेवतो आणि काय सोडतो, हे श्रोत्याला आपोआप ऐकू येतं. महाराष्ट्रात या मैफलीला माणसं मनापासून येतात, कारण अर्धं सभागृह पदं पाठ असलेलं असतं.

कागदावर चार रकाने

प्रश्न ठरला की मी वहीत चार रकाने आखते. पहिल्यात राग. दुसऱ्यात ताल आणि लय. तिसऱ्यात वाद्यावरची जागा, म्हणजे आलापीचा मुख्य भाग कोणत्या तारेवर राहणार. चौथ्यात तंबोरा कशावर लावायचा.

तिसरा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच कार्यक्रम एकसुरी होतो. माझ्या तारा मंद्र (खालच्या सप्तकातला) सा, मंद्र प, मध्य (मधल्या सप्तकातला) सा, मध्य प अशा लावलेल्या असतात. काही जण प-सा-प-सा लावतात, त्यांनी आपला हिशेब करावा. मेघ मी खालच्या दोन तारांवर सुरू करते. गौड मल्हार तिसऱ्या तारेवर, मध्य सप्तकाच्या मोकळ्या भागात. मियाँ मल्हार पुन्हा खाली जातो, कारण त्याचं 'कोमल नी, ध, नी, सा' हे मंद्रातच खरं बोलतं. कजरी बहुतेक चौथ्या तारेवर. म्हणजे खाली, मध्ये, खाली, वर. श्रोत्याला सप्तकाचं शास्त्र माहीत नसलं तरी आवाजाचा पोत बदलला हे त्याला नक्की कळतं.

चौथ्या रकान्यासाठी आमच्या या मैफलीत काहीच त्रास नाही: चारही रागांत पंचम आहे, तंबोरा पंचमावर लावला की शेवटपर्यंत तोच. हे नशिबाने झालं नाही, निवडताना ते मी पाहिलं होतं. एका मैफलीत मारवा, मालकंस आणि यमन असे राग एकत्र आणले तर तंबोरा एकदा निषादावर, एकदा मध्यमावर, एकदा पंचमावर लावावा लागतो. शिवाय मारव्यात आणि मालकंसात पंचम वर्ज्य असताना आपल्या दोन तारा पंचमाच्याच आहेत. गज चुकून त्या मोकळ्या तारेला लागला तर तो एक क्षण सगळी हवा बिघडवतो. असे राग टाळा असं मी म्हणत नाही. पण एका संध्याकाळी ते एकच ठेवा, आणि शक्यतो मध्यंतरानंतर, म्हणजे सूर लावायला निवांतपणा मिळतो.

दुसऱ्या रकान्यात सगळीकडे तीनताल दिसत असेल तर थांबा. मेघसाठी मी झपताल घेते, गौड मल्हारासाठी मध्यलय तीनताल, मियाँ मल्हारात विलंबित एकताल आणि मग द्रुत तीनताल, कजरीला दादरा. दहा, सोळा, बारा, पुन्हा सोळा, सहा मात्रा. श्रोते मोजत नाहीत, पण त्यांची मान वेगवेगळ्या लयीत हलते.

क्रम, आणि एक रूढी मोडण्याबद्दल

रूढ मैफलीत मोठा राग आधी आणि मग हलकं होत जायचं. ही रूढी शहाणपणाची आहे, कारण सुरुवातीला कान ताजे असतात. पण संकल्पना जर प्रवासाची असेल तर मोठा राग कुठे यायचा ते प्रवासाने ठरवायचं. इथे मियाँ मल्हार तिसरा येतो. त्याच्या आधी श्रोत्याने गांधाराचं नसणं ऐकलेलं असायला हवं आणि त्याचं उघडं रूपही. मग तो झुलणारा कोमल गांधार आला की सभागृहात एक हुंकार येतो. मी तो अनेकदा ऐकला आहे, आणि तो मिळावा म्हणून मोठा राग मध्यंतरानंतर ठेवायला मी तयार असते.

मेघ पहिला ठेवताना एक काळजी घ्यावी लागते. त्याचेच पाच सूर मधमाद सारंगातही आहेत. पहिल्या पाच मिनिटांत मध्यमावरून रिषभावर न तुटता घसरत येणारी लांब मींड आणि मंद्रातलं वजन दाखवलं नाही, तर जाणकारांना सारंग ऐकू येतो आणि इतरांना काहीच नाही. रिषभ घाईने सोडायचा नाही.

रागसमयाचं काय? ऋतुकालीन राग त्या ऋतूत कोणत्याही प्रहरी वाजवावेत असा संकेत आहे, त्यामुळे मल्हारांसाठी संध्याकाळचे साडेसहा चालतात आणि सकाळचे दहाही. इतर संकल्पनांसाठी मात्र घड्याळ आधी बघा. संधिप्रकाश रागांची, म्हणजे पहाटे आणि सांजवेळी वाजवायच्या रागांची, मैफल रात्री नऊला सुरू करण्यात अर्थ नाही. आणि उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक सहसा बंदच करावा लागतो, त्यामुळे दरबारी किंवा मालकंसाची उत्तररात्र तिथे मिळत नाही. सवाई गंधर्व महोत्सव 1953 साली सुरू झाला, तेव्हापासून कित्येक वर्षं तो रात्र रात्र चाले. त्या रात्री अनुभवलेली माणसं आजही उत्तररात्रीच्या रागांसाठी हळहळतात. बंद सभागृह मिळालं आणि श्रोत्यांची तयारी असली, तर फक्त उत्तररात्रीच्या रागांची मैफल जरूर करा. तिची भूक आहे.

मिनिटांचा हिशेब

वेळ अंदाजे धरला की शेवटचा राग मारला जातो, आणि संकल्पनेच्या मैफलीत शेवटचा राग गेला तर गोष्टच अपुरी राहते. म्हणून लिहून काढायचं:

सुरुवातीचं निवेदन 3 मिनिटं
मेघ 28
निवेदन आणि सूर जुळवणं 4
गौड मल्हार 20
मध्यंतर 12
निवेदन आणि सूर जुळवणं 4
मियाँ मल्हार 38
निवेदन 3
मिश्र पिलू, कजरी 12

एकूण 124 मिनिटं, त्यात प्रत्यक्ष वाजवणं 98. आयोजकांना दोन तास दहा मिनिटं सांगायची. सत्कार, दीपप्रज्वलन आणि मनोगतं असतील तर त्यांचा वेळ वेगळा मागून घ्या, आणि तो कार्यक्रम सुरू होण्याआधीच संपवायची विनंती करा. मियाँ मल्हार आणि कजरीच्या मध्ये शाल-श्रीफळ आलं की धागा तुटतो. हे नम्रपणे पण आधीच, फोनवर नव्हे तर लिहून कळवावं.

घड्याळ मी स्टेजवर ठेवत नाही. मागच्या तंबोऱ्यावर बसलेली विद्यार्थिनी ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी मला हलकेच खूण करते. उशीर झालाच तर काय कापायचं तेही आधी ठरलेलं असतं: मेघातली द्रुत गत जाते, मियाँ मल्हाराच्या आलापाला हात लावायचा नाही.

तबलजींबरोबर एक पूर्ण बैठक

संकल्पना साथीदाराला माहीत नसेल तर ती अर्धीच राहते. तालांची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही. एकदा समोरासमोर बसून सगळे मुखडे, सगळ्या लयी वाजवून घ्याव्यात आणि सांगावं की मेघात मला ठेका भरीव हवा, गौड मल्हारात तुम्ही खुलून वाजवा, मियाँ मल्हाराच्या विलंबितात पहिली दहा आवर्तनं साधी, आणि कजरीत लग्गी, म्हणजे ठेक्याऐवजी जलद, नाचरे बोल, मनसोक्त. त्यांना सोलो कधी मिळणार तेही ठरवा. चांगला तबलजी हे ऐकल्यावर स्वतःहून दोन सूचना करतो, आणि त्या सहसा आपल्या कल्पनेपेक्षा बऱ्या असतात. झपताल मला अशाच एका बैठकीत सुचवला गेला. त्याआधी मेघही तीनतालातच होता.

शब्द नसलेल्या वाद्याला शब्द द्या

गायकीअंगाने व्हायोलिन वाजवण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. गजाननबुवा जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. मूळचे वाईचे पं. वि. गो. जोग, पं. डी. के. दातार, विदुषी एन. राजम यांनी प्रत्येकाने आपापल्या वाटेने हे वाद्य मैफलीच्या मध्यभागी आणलं. प्रभाकर जोग तर आपल्या कार्यक्रमाला 'गाणारे व्हायोलिन' म्हणत, आणि गाण्यातलं अक्षर न् अक्षर त्यांच्या गजातून ऐकू येई. पण तिथे श्रोत्याला गाणं आधीच पाठ असायचं. आपण मेघातली एखादी बंदिश वाजवतो तेव्हा तिचे शब्द फक्त आपल्या मनात असतात.

म्हणून मी वाजवण्यापूर्वी बंदिशीचा मुखडा गाऊन दाखवते. आवाज साधा असला तरी चालतो. ज्यांना गायचं नाही त्यांनी निवेदकाकडून शब्द वाचून घ्यावेत. त्यानंतर गज कुठे तुटतो आणि कुठे अखंड राहतो हे श्रोत्यांना शब्दांवरून कळू लागतं.

निवेदन दोन-तीन मिनिटांच्या वर जाऊ नये. त्यात रागाचं थाट, जाती, वादी-संवादी सांगायची गरज नाही. मी गौड मल्हारापूर्वी एवढंच करते: मेघातली एक ओळ वाजवते, मग तीच जागा गांधार घालून वाजवते, आणि म्हणते, "आला." लोक हसतात, आणि पुढची वीस मिनिटं तो सूर शोधत राहतात. निवेदक बाहेरचा असेल तर त्याला संहिता आधी द्या आणि तालमीला बोलवा. 'पावसाच्या सरी आणि मृद्गंध' असलं काही मध्ये आलं तर शोधाचा ताण सैल पडतो.

कार्यक्रमपत्रिका एका पानाची पुरते: रागाचं नाव, बंदिशीची पहिली ओळ, ताल, आणि प्रत्येक रागाखाली एक वाक्य. अक्षरं मोठी छापा, कारण सभागृहातला प्रकाश कमी असतो आणि आपले निम्मे श्रोते साठीच्या पुढचे असतात.

भावगीत किंवा चित्रपटगीत घेणार असाल तर आयोजकांनी सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना घेतला आहे का हे विचारून ठेवा. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. जुन्या नाट्यपदांना बहुधा ही अडचण येत नाही.

पावसाळा आणि वाद्य

मल्हारांची मैफल म्हणजे दमट हवेतली मैफल, आणि याचा विचार संकल्पनेच्या दिवशीच करावा. हवेतल्या ओलाव्याने लाकडी खुंट्या फुगून जाम होतात. मग तेच वाद्य वातानुकूलित सभागृहात नेलं की कोरडी पडून सटकू लागतात. गजाचे केस ओलसर हवेत लांबतात, त्यामुळे नेहमीइतके फेरे देऊनही गज ढिला वाटतो. तबल्याच्या पुड्या उतरतात.

उपाय साधे आहेत. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या जुन्या झाल्या की बदला. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी नव्या तारा चढवा, आदल्या दिवशी कधीच नको. सभागृहात किमान दीड तास आधी पोचा, एसी तेव्हाच चालू करायला लावा आणि पेटी उघडून वाद्याला त्या हवेत बसू द्या. एसीचा झोत थेट मंचावर येत असेल तर तो वळवून घ्या. गज वाजवून झाला की सैल करायला मध्यंतरातही विसरू नका. मी जड पावसात एक जास्तीचा गज बरोबर ठेवते.

ध्वनिव्यवस्थेशी बोलताना मंद्राचा आग्रह धरा. बसून वाजवताना बुटका स्टँड, माईक वाद्यापासून साधारण दीड फुटावर, आणि पूर्ण गज ओढला तरी हात स्टँडला लागत नाही ना हे बघायचं. चाचणीत चौथ्या तारेवर तान वाजवू नका, ती कुठेही छान ऐकू येते. मेघाचा मंद्र पंचम लांब धरा आणि कोणाला तरी शेवटच्या रांगेत पाठवा. तिथे तो पोचला तर बाकी सगळं पोचतं. प्रतिध्वनी कमीत कमी ठेवायला सांगा, नाहीतर मियाँ मल्हाराचं आंदोलन धुक्यात जातं.

वाद्यवर्गाचा कार्यक्रम

गुरुपौर्णिमा आषाढात येते, म्हणून वर्गाच्या कार्यक्रमालाही मल्हार सुचतात. पण दोन-तीन वर्षं शिकलेल्या मुलांच्या हाती मियाँ मल्हार देऊ नये. तो गांधार त्यांच्या बोटांत यायला वेळ लागतो, आणि बळेच वाजवून घेतला तर राग आणि मूल दोघांवरही अन्याय होतो.

त्यांच्यासाठी माझी आवडती संकल्पना आहे 'पाच सूर, पाच घरं'. भूपाचे सूर घ्या: सा रे ग प ध. हेच सूर रिषभाला सा मानून वाजवले की मधमाद सारंगाचे सूर मिळतात. गांधाराला सा मानलं की मालकंसाचे, पंचमाला मानलं की दुर्गाचे, धैवताला मानलं की धानीचे. पाच राग, पाच गट. सुरुवातीला एक मोठी मुलगी भूपाच्या सुरांवर बोट ठेवून 'सा' कसा सरकतो ते दोन मिनिटांत दाखवते. त्यानंतर प्रत्येक गट आपला राग नेहमीच्याच सा वरून वाजवतो. सा तोच ठेवायचा, म्हणजे वाद्यं पुन्हा लावावी लागत नाहीत आणि सुरांमधलं अंतर बदलल्यावर भाव कसा बदलतो ते नीट ऐकू येतं.

गटांचा क्रम वयाप्रमाणे लावायचा मोह टाळा. लहान मुलं भूप आणि दुर्गा वाजवतात. त्यांना पहिलं आणि चौथं ठेवते, म्हणजे त्यांचे आईवडील पहिल्या वीस मिनिटांनंतर उठून जात नाहीत. मालकंस सर्वांत तयार गटाला आणि शेवटी. तंबोरा फक्त त्याच्यापुरता मध्यमावर घ्यायचा, बाकी चारांत पंचम आहेच. प्रत्येक गटाला सहा-सात मिनिटं, सहा-सात मुलांपेक्षा मोठा गट नको. वीस व्हायोलिनं एकत्र लावायला जो वेळ जातो तेवढ्यात दोन राग वाजवून होतात.

सगळ्यांच्या तारा कार्यक्रमाआधी मीच एका जागी बसून लावते. मुलांना रांगेत उभं करते आणि लावून झालेलं वाद्य खुंट्यांना हात न लावता धरायला सांगते. त्या अर्ध्या तासात मी दुसऱ्या कोणाशीही बोलत नाही, पाहुण्यांशीही नाही.